बिसेनभाऊ, मनालीचा बर्फ आणि रविवारचं साक्षगंध

कृषी केंद्र चालवणाऱ्या माणसाला किस्से गोळा करावे लागत नाहीत, ते आपोआप साचतात. खरिपात कोणाला तोंड वर करायला सवड नसते. दिवाळीनंतर धान कापून झाला की काउंटरवर गिऱ्हाईक कमी आणि गप्पा जास्त! मग चार दुकानदार बसले की कोणी तरी म्हणतंच, "ते मनालीचं सांग ना भाऊ." मी गेली कित्येक वर्षं सांगतोय. माझी बायको म्हणते, दरवेळी तुमचा बर्फ एक फूट वाढतो. वाढत असेल. पण बाकीच्यात एक अक्षर पदरचं नाही, आणि सांगताना आजही माझं मलाच खरं वाटत नाही.

* * *

गोष्ट दोन हजार सात-आठच्या सुमाराची. माझं दुकान गोरेगावात, बाजाराच्या रस्त्याला. त्या वर्षी धानावर तुडतुडे असे आले, की शेतकरी रडकुंडीला आले आणि आमची दुकानं, सांगायला लाज वाटते, जोरात चालली. फवारणीची औषधं बनवणाऱ्या एका कंपनीची स्कीम होती. इतके इतके खोके विकले की सहल फुकट. आम्ही सगळे गोवा धरून बसलो होतो. निम्म्या लोकांनी तर बर्मुडासुद्धा घेऊन ठेवल्या होत्या.

कंपनीचे दुबेजी गोंदियाच्या हॉटेलात मीटिंगला उभे राहिले आणि त्यांनी पडद्यावर फोटो लावला. नुसता पांढरा. त्यात एक माणूस पायाला पट्ट्या बांधून उतारावरून येत होता. "मनाली! स्कीइंग हॉलिडे!" असं म्हणून दुबेजी टाळ्यांची वाट पाहत थांबले. हॉलमध्ये कोणी हलेना.

माझ्या शेजारच्या दुकानाचे कटरे काका आमच्यात सगळ्यांत वडील, साठीला आलेले. त्यांनी चष्मा पुसून फोटो नीट पाहिला आणि मला विचारलं, "कोनाचं युरियाचं गोदाम फुटलं बे हे?"

* * *

आता बिसेनभाऊचं सांगतो, कारण त्याशिवाय पुढचं काही कळणार नाही.

बिसेनभाऊचं दुकान दवनीवाड्याला. घाईचा माणूस. त्याच्या एकुलत्या एका मुलीचं, ज्योतीचं, साक्षगंध ठरलं होतं. आमच्याकडे साखरपुड्याला साक्षगंध म्हणतात. मुलगा बालाघाटचा, सरकारी नोकरीतला. तारीख आधीच दोनदा पुढे गेली होती आणि दोन्ही वेळा बिसेनभाऊकडूनच. एकदा घरात मयत झाली म्हणून, दुसऱ्यांदा धानाच्या कापणीमुळे. तिसऱ्या वेळी मुलाच्या मोठ्या काकांनी निरोप धाडला, "अब की बार लड़की का बाप हाज़िर नहीं, तो रिश्ता भी नहीं."

ती तारीख म्हणजे सहलीहून परतल्यावरचा रविवार. आम्ही शुक्रवारी गोंदियात उतरणार, दोन दिवस हातात. बायको नको म्हणत होती. बिसेनभाऊ म्हणाला की दोन दिवसांत तर पूर्ण मंडप होतो. आम्हीही त्याला चल चल म्हणून खूप गळ घातली. मी तर सगळ्यांत जास्त.

* * *

आम्ही बावीस दुकानदार दिल्लीच्या गाडीत चढलो. तर आमचं सामान काय? औषधांचे रिकामे खोके! बॅगा कोणाकडे होत्या? दुकानात मजबूत खोका मिळतो, त्यात कपडे भरायचे, सुतळीने बांधायचा, झालं. आम्हाला त्यात काही वावगं वाटलं नाही. कटरे काकांच्या खोक्यात तर पंधरा किलो तांदूळ होता. घरच्या तांदळाशिवाय त्यांना झोप येत नाही.

झाशीच्या पुढे एक पोलीस डब्यात आला. बर्थखाली पाहतो तर ओळीने खोके आणि प्रत्येकावर लाल त्रिकोण आणि कवटी. त्याने काकांना विचारलं, "इसमें क्या है?" काका अभिमानाने म्हणाले, "खाने का सामान है."

पुढच्या दहा मिनिटांत आमच्या आजूबाजूचे सगळे प्रवासी दुसऱ्या डब्यात निघून गेले. पोलिसाने प्रत्येक खोका सोडायला लावला. तांदूळ हातात घेऊन पाहिला, वास घेतला, तरी त्याचा विश्वास बसेना. शेवटी काकांनी मूठभर कच्चा तांदूळ तोंडात टाकून चावून दाखवला. पोलीस गेला, प्रवासी काही परत आले नाहीत. आम्ही बावीस माणसं दिल्लीपर्यंत पाय पसरून झोपून गेलो.

मात्र दिल्लीच्या अलीकडे धुकं असं लागलं की गाडी एका जागी उभी. खिडकीतून शेजारचा रूळ दिसेना. अकरा तास! बिसेनभाऊ दर तासाला दारापर्यंत जाऊन यायचा. मी म्हटलं, बाप्पा, जाताना उशीर झाला तर तुझं काय जातं? तो म्हणाला, "जातानीच असं होऊन राहिलं, तं येतानी काय होईन?" आम्ही त्याला हसलो.

* * *

मनालीहून बर्फाकडे जाताना रस्त्याच्या कडेला कोटांची दुकानं लागतात. सगळ्यांवर नुसते नंबर. भाड्याने जाडजूड कोट आणि गमबूट घ्यायचे, संध्याकाळी परत करायचे. आमची बस उशिरा पोहोचली, त्यामुळे आमच्या वाट्याला उरलेसुरले कोट आले. बिसेनभाऊच्या मापाचा एकच राहिला होता, गुलाबी, गळ्याला केसाळ झालर असलेला, बायकांचा.

तो घालायलाच तयार नव्हता. थंडीने दात वाजायला लागले तेव्हा घातला, पण आधी आम्हा सगळ्यांकडून कबूल करून घेतलं की कोणी फोटो काढायचा नाही. फोटो फिरत फिरत बालाघाटला गेला तर? आम्ही कबूल केलं. दुबेजींनी कबूल केलं नव्हतं. पुढच्या महिन्यात कंपनीच्या छापील मासिकात पहिल्या पानावर बिसेनभाऊ, रंगीत!

* * *

आता कटरे काका.

तिथला शिकवणारा माणूस सकाळपासून आम्हाला पट्ट्यांवर उभं करत होता. आम्ही उभे राहायचो आणि पडायचो. माझा स्वतःचा हिशेब विचारू नका. सालेकशाचा मडावी आमच्यातला कमी बोलणारा माणूस. तो दोनदा पडला, पट्ट्या काढून त्याने व्यवस्थित बाजूला ठेवल्या आणि म्हणाला, "मी बसतो. पडाचं काम तुमी करा."

काका पुढे आले. त्यांनी पट्ट्यांवर पाय ठेवले, गुडघे जरासे वाकवले, कंबर मागे टाकली आणि काठ्या देऊ केल्या तर परत केल्या. धक्का दिला मात्र, म्हातारा निघाला! सरळ, ताठ, ना डगमग ना काही. शिकवणारा आ वासून पाहत राहिला. आम्हीही. मग माझ्या डोक्यात उजेड पडला. रोवण्याआधी बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, चिखल करतात ना, तो सारखा करायला हल्यांच्या मागे फळी बांधतात आणि माणूस त्या फळीवर उभा राहतो. निसरड्या चिखलात, दोन रेड्यांच्या मागे, दिवसभर. काकांनी पंचवीस पावसाळे तेच केलं होतं.

फक्त फळी थांबवायची तर हल्ये थांबवावे लागतात. इथे हल्ये नव्हते. काका "हो, हो, हो रे" असं ओरडत सगळा उतार उतरले आणि मॅगीच्या टपरीत शिरले. कोणाला लागलं नाही, देवाची कृपा. शिकवणारा धापा टाकत पोहोचला. आपण कुठे शिकलात म्हणून त्याने अगदी अदबीने विचारलं. काका कोटावरचा रस्सा झटकत म्हणाले, "हमारे यहाँ भैंसे के पीछे सिखाते हैं."

* * *

ही मंगळवारची गोष्ट. बुधवारी दुपारी आम्ही निघणार होतो. बुधवारी सकाळी मी खोलीचं दार उघडायला गेलो तर दार उघडेना. मला वाटलं बाहेरून कोणी कडी लावली. मडावीने खिडकीचा पडदा सरकवला आणि नुसता उभा राहिला. मी त्याच्या मागे गेलो. खिडकीबाहेर काही नव्हतं. रस्ता नाही, कुंपण नाही, समोरचं दुकान नाही. आमची बस जिथे उभी होती तिथे एक पांढरी टेकडी होती. आमच्याकडे पूर येतो, वीज पडते, पण जग असं पुसलेलं मी कधी पाहिलं नव्हतं.

वीज गेली. मोबाइल बंद पडले. खाली कुल्लूकडचा रस्ता बंद, कधी उघडेल कोणालाच माहीत नाही. दुबेजी हात जोडून सांगत होते की दिल्लीची गाडी गेली असं समजा.

बिसेनभाऊ काही न बोलता बाहेर गेला. पाहतो तर हॉटेलच्या स्वयंपाकघरातून जेवणाचं ताट आणून त्याने बर्फ उपसायला सुरुवात केली होती. मग आम्ही सगळेच लागलो. बावीस धानवाले! पाणी काढायचं आम्हाला जन्मापासून माहीत. आम्ही बर्फात चाऱ्या पाडल्या, बांध फोडल्यासारखे उतार काढले. आणि बिसेनभाऊने काय करावं? त्याने गॅसवर मोठ्या पातेल्यांत पाणी उकळून चाकांवर ओतायला घेतलं. बर्फ भराभर वितळला, चाकं मोकळी दिसली, आम्ही टाळ्या वाजवल्या. त्याने आणखी पाच पातेली ओतली. हॉटेलचा मालक गच्चीवरून हातवारे करून काही सांगत होता. आम्हाला वाटलं शाबासकी देतोय.

जेवून बाहेर आलो तर ते सगळं पाणी चाकांभोवती गोठलं होतं. दगडासारखं. सकाळी आमची बस फक्त बर्फात अडकली होती. आता ती जमिनीला चिकटली होती. मालक खाली आला आणि त्याने दुबेजींना विचारलं, "ये लोग कहाँ से लाए हो?"

बिसेनभाऊ रिकामं पातेलं धरून तसाच उभा होता.

* * *

गुरुवारी दिवसभर बर्फ पडला. आम्ही शेगडीभोवती बसून होतो. काकांच्या पंधरा किलो तांदळाने बावीस माणसं आणि हॉटेलचा मालक तगले, हेही खरं. हॉटेलातलं पीठ संपलं होतं.

बिसेनभाऊ मोबाइल घेऊन पायऱ्या चढायचा, उतरायचा. रविवारी दारात पाहुणे येतील आणि बाप नाही, हेच त्याच्या डोळ्यांपुढे. मुलगा किती चांगला, घर किती मोठं, हे तो आम्हाला पुन्हा पुन्हा सांगत होता. एकदा मी उगाच, बोलायला काही तरी पाहिजे म्हणून विचारलं, "पोरगी काय म्हनते?"

"ते काय म्हनंल?" बिसेनभाऊ म्हणाला. "फोटो दाखवला. काही बोलली नाई. नाई बोलली म्हन्जे होच ना."

आम्ही सगळ्यांनी माना डोलावल्या. मीसुद्धा. मला दोन मुली आहेत.

* * *

शुक्रवारी सकाळी ऊन पडलं. असं ऊन, की डोळे उघडेनात. आठच्या सुमारास खालून बर्फ काढणारं यंत्र वर आलं आणि रस्ता उघडला. आमची बस निघायला आणखी एक दिवस लागणार होता, ती बिसेनभाऊच्या पाण्याची कमाई. पण एकटा माणूस जीपने लगेच निघाला तर पहाटे दिल्ली, शनिवारी सकाळची गाडी आणि रविवारी सकाळी गोंदिया. साक्षगंध दुपारचं होतं. जमत होतं!

मग आम्ही काय धावपळ केली म्हणून सांगू. मडावीने बाजारभर फिरून एक जीपवाला तयार केला, जो आधी दुसऱ्याच कुटुंबाला नेणार होता. त्या कुटुंबाला काका जाऊन भेटले, मुलीच्या लग्नाचं आहे म्हणाले आणि त्यांनी जीप सोडली. दुबेजींनी बाजारातला एकमेव चालू फोन गाठून दिल्लीच्या साहेबाला धरलं आणि रेल्वेचं एक तिकीट मिळवलं. एकच. बिसेनभाऊचा खोका जीपच्या टपावर चढला. काकांनी स्वतः सुतळीवर सुतळी बांधली. बिसेनभाऊच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो प्रत्येकाचा हात धरत होता.

निघण्याआधी घरी एक फोन करायचा होता. मंगळवारपासून घरच्यांना त्याचा पत्ता नव्हता. तो त्याच चालू फोनच्या काचेच्या बूथमध्ये शिरला. मी दारात उभा होतो, दार लागत नव्हतं म्हणून धरून. फोन जुना, पलीकडचा आवाज बाहेरपर्यंत यायचा.

आधी बायको होती. ती एकाच वेळी रडत आणि भांडत होती. बिसेनभाऊने तिला समजावलं की रस्ता उघडला, जीप दारात आहे, रविवारी सकाळी मी घरी, दुपट्टा-नारळ काढून ठेव. तिने देवाचं नाव घेतलं. मग तो हसून म्हणाला, "ज्योतीले दे."

ज्योती आली.

"काऊन माय, झाली का तयारी?"

ती म्हणाली, "बाबा, रस्ता सुरू झाला का खरंच?"

"झाला ना. हे पाय, जीप उभी आहे."

बिसेनभाऊला वाटलं लाइन तुटली. तो हॅलो हॅलो करायला लागला. तेव्हा ती बोलली, अगदी हळू, बहुतेक तोंडावर हात धरून. मी ऐकलं म्हणून सांगतो, नाही तर मीही विश्वास ठेवला नसता.

"बाबा, तिथं आनखी बर्फ नाई पडनार का?"

बिसेनभाऊने माझ्याकडे पाहिलं. बाहेर स्वच्छ ऊन होतं.

"काऊन?" त्याने विचारलं.

ती काही बोलली नाही.

त्याने रिसीव्हर कानाला इतका दाबून धरला होता की कान पांढरा पडला. पलीकडून नुसता श्वास येत होता. मग तो म्हणाला, "आईले दे."

बायको आली तेव्हा त्याने घसा खाकरला. "ऐक. मगाशी मी चुकीचं सांगतलं. रस्ता बंद आहे. नाई, आज नाई, उद्याही नाई. बालाघाटले फोन कर, सांग का बाप बर्फात अडकला, येत नाई."

पलीकडून ती ओरडत होती. त्याने फोन ठेवला.

तो बूथमधून बाहेर आला, मला ओलांडून गेला, जीपच्या बोनेटवरून टपावर चढला आणि काकांनी बांधलेली सुतळी सोडायला लागला. गाठी पक्क्या होत्या. तो दातांनी सोडत होता. काका, मडावी, जीपवाला, सगळे खालून बघतच राहिले. दुबेजी तिकिटाचा कागद हलवत धावत आले. "अरे बिसेनजी, ये क्या कर रहे हो? गाड़ी छूट जाएगी!"

आमच्या मागून एकामागून एक बसगाड्या खाली चालल्या होत्या. कंडक्टर दारात लटकून कुल्लू, मंडी, कुल्लू, मंडी ओरडत होते. बिसेनभाऊने खोका छातीशी धरला आणि टपावरूनच सांगितलं.

"रस्ता बंद आहे, दुबेजी."